आजोबांच्या रिव्हॉल्व्हरची मूठ: एका वारशाचं प्रकरण

या प्रकरणातल्या संग्राहक बाईंकडे आधीपासून तीन जुनी रिव्हॉल्व्हरं होती. तिन्हींना लिलावात कुणी फारसं विचारलं नसतं. पहिलं रशियन नागान, तुला कारखान्यातलं. त्याच्यावर १९३८ साल ठोकलेलं आहे आणि तेच त्यांच्या आईचं जन्मसाल, म्हणून ते घेतलेलं. दुसरं कोल्टचं पोलीस पॉझिटिव्ह, पोलीस खात्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या मामांचं. तिसरं स्मिथ अँड वेसनचं खिशात मावणारं, बाहेरून घोडा न दिसणारं निकेलचं रिव्हॉल्व्हर. ज्या वृद्ध कारागिराकडे त्या शस्त्रांची निगा शिकल्या, त्यानं जाताना ते त्यांना दिलं. त्याचं निकेल जागोजागी सोललेलं आहे. आधीच्या कुणी मालकानं अमोनिया असलेल्या द्रावणानं ते चकाचक केलं असावं. निकेलखाली अनेकदा तांब्याचा थर असतो. अमोनिया तो विरघळवतो आणि वरचं निकेल पापुद्र्यासारखं सुटतं. ते पुन्हा चढवून घेण्याचा विचारही बाईंच्या मनात कधी आला नाही. गुरूच्या हातात होतं तेव्हा ते असंच होतं.

अशा संग्रहाला तऱ्हेवाईक म्हणणारे संग्राहक पुष्कळ आहेत. त्यांची शिस्त ठरलेली असते: एकाच कारखान्याचा माल, एकाच मॉडेलचे सगळे प्रकार, मूळ डबा, मूळ कागद. त्यांच्यात एक दंडकही रूढ आहे, की पैसे बंदुकीचे मोजावेत, तिच्या कहाणीचे मोजू नयेत. विकत घेणाऱ्यासाठी हा दंडक अगदी योग्य आहे, कारण कहाणी फुकट रचता येते. पण वारशानं आलेल्या वस्तूचे पैसे कुणीच मोजत नसतो. तिथं कहाणीचं काय करायचं, हा प्रश्न या प्रकरणात ऐरणीवर आला.

चौथं रिव्हॉल्व्हर त्यांच्या काकांकडून आलं. काका थकले होते. परवाना पुन्हा पुन्हा नूतनीकरण करण्याचा त्यांना कंटाळा आला होता आणि घरात या विषयात रस असलेली ही एकटी पुतणी. रिव्हॉल्व्हर आजोबांचं. आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात मोटरसायकलवरून निरोप पोचवण्याचं काम करत आणि १९४१ मध्ये लिबियातल्या तोब्रुक बंदराच्या वेढ्यात हेच रिव्हॉल्व्हर त्यांच्या कमरेला होतं, असं घरात दोन पिढ्या सांगितलं जात होतं. काकांच्या चार इच्छा होत्या. ते नव्यासारखं काळंभोर करून घ्यावं. मुठीची विजोड लाकडं बदलावीत, कारण ती या मॉडेलची नाहीत असं एका व्यापाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं आणि योग्य जोडी मिळवून देण्याचीही तयारी दाखवली होती. आजोबांच्या जन्मशताब्दीला त्यातून सहा फैरी झाडाव्यात. आणि शेजारी एक पाटी असावी, ‘तोब्रुक, १९४१’.

मी या प्रकरणात आलो तो तिसऱ्या इच्छेमुळे. ते उडवण्याजोगं आहे का, हे मला तपासायचं होतं. बाकीचे प्रश्न ओघानं आले.

आधी कागद

हा भाग थोडक्यात सांगतो, पण क्रम महत्त्वाचा आहे. रिव्हॉल्व्हर हातात घेण्याआधी हस्तांतरणाची परवानगी पूर्ण झाली. जुन्या शस्त्राला कायद्यानं सूट असते, हा समज सर्रास आढळतो आणि तो घातक आहे. ‘जुनं’ म्हणजे काय याची रेघ प्रत्येक देश वेगळीकडे ओढतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात पुराणशस्त्राची हद्द १८९८ सालापर्यंत आहे. ब्रिटनमध्ये साल ठरवून दिलेलं असलं तरी काडतूस कुठल्या मापाचं, हेही पाहिलं जातं. दुसऱ्या महायुद्धातलं रिव्हॉल्व्हर यांपैकी कुठल्याही मोजपट्टीनं शोभेची वस्तू ठरत नाही. आजोबांची आठवण म्हणून गादीखाली ठेवलेलं विनापरवाना शस्त्र हे कायद्याच्या लेखी विनापरवाना शस्त्रच.

अंगावर काय लिहिलंय

सिलिंडर, म्हणजे काडतुसांचं फिरतं नळकांडं, उघडून त्याची सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली, नळीतून उजेड पाहिला आणि मग भिंग घेतलं.

मॉडेल ओळखायला वेळ लागला नाही. स्मिथ अँड वेसननं १८९९ मध्ये ‘मिलिटरी अँड पोलीस’ नावाचं .३८ चं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. पुढे १९५७ मध्ये त्याचं नाव ‘मॉडेल १०’ झालं आणि त्याची संख्या साठ लाखांच्या पार गेली. दुसऱ्या महायुद्धात त्याची एक साधी, घाईची आवृत्ती निघाली. चकचकीत ब्ल्यूइंगऐवजी, म्हणजे पोलादाला दिलेल्या निळ्या-काळ्या झाकेऐवजी, फॉस्फेटचा राखाडी, खरबरीत मुलामा, मुठीला गुळगुळीत अक्रोडाचं लाकूड, बुडाशी दोरी ओवायला कडी. याला ‘व्हिक्टरी मॉडेल’ म्हणतात, कारण त्याच्या अनुक्रमांकाच्या आधी ‘व्ही’ अक्षर असतं. ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या सैन्यांसाठीच्या मालाची नळी बहुतांशी पाच इंची आणि काडतूस .३८/२००, म्हणजे दोनशे ग्रेन वजनाच्या गोळीचं. युद्धभरात या मापाची साडेपाच लाखांहून अधिक रिव्हॉल्व्हरं गेली. तेव्हा दुर्मीळ असं यात काही नाही.

आपल्या रिव्हॉल्व्हरच्या बुडावर ‘व्ही’ होता. आणि इथंच पाटीतलं साल अडलं.

कंपनीची क्रमांकमालिका १९४२ च्या वसंतात दहा लाखांवर पोचली. तिथून पुढे ‘व्ही’ लावून नव्यानं एकपासून मोजायला सुरुवात झाली. म्हणजे ‘व्ही’ असलेलं कुठलंही रिव्हॉल्व्हर त्याआधीचं असू शकत नाही. तोब्रुकचा वेढा १९४१ च्या एप्रिलमध्ये पडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस उठला. तो चालू असताना या रिव्हॉल्व्हरचं पोलादही बहुधा ओतलेलं नव्हतं. वरच्या पट्टीवर ‘युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी’ असा ठसा होता. अमेरिकेनं मालकी आपल्याकडे ठेवून उसनवारीच्या (लेंड-लीज) कायद्याखाली मित्रराष्ट्रांना दिलेल्या मालाची ती खूण. तो कायदा मार्च १९४१ चा.

काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “म्हणजे बाबा खोटं बोलायचे?”

“काका, आजोबा खोटं बोलले असं कुठं म्हटलं मी?” पुतणी म्हणाली. “आजोबा स्वतः काय म्हणाले होते ते आठवा. आपण काय म्हणतो ते नको.”

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. काकांना आठवलं ते असं: आजोबा युद्धाविषयी क्वचितच बोलत. रिव्हॉल्व्हर कपाटातून काढून तेल देताना एकदा म्हणाले होते, “हे माझ्याबरोबर तोब्रुकला होतं.” ‘हे’ म्हणताना त्यांचा हात नेमका कशावर होता, हे अर्थातच कुणी पाहिलं नव्हतं.

ठशांचा दुसरा गठ्ठा नळीवर आणि सिलिंडरवर होता: बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसच्या खुणा, ‘नॉट इंग्लिश मेक’ हे शब्द, ‘.३८ .७६७’ असं माप आणि ‘३½ टन’. हे ठसे सैन्यातले नसून नागरी बाजाराचे आहेत. ब्रिटनमध्ये शस्त्र विकण्याआधी जादा दाबाचं काडतूस उडवून त्याची चाचणी घेणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि सैन्यानं मोडीत काढलेला माल व्यापाऱ्यांकडे गेला की त्यालाही ही चाचणी चुकत नसे. .७६७ ही काडतुसाच्या पितळी पुंगळीची इंचातली लांबी, साडेतीन टन हा दर चौरस इंचावरचा दाब. याचा अर्थ, हे रिव्हॉल्व्हर आजोबांच्या कमरेवरून सरळ घरी आलेलं नाही. सैन्यातून सुटून, चाचणी होऊन, कुठल्या तरी व्यापाऱ्याच्या काउंटरवरून ते आलं. आजोबांनी ते विकत घेतलं होतं, किंवा कुणी घेऊन त्यांना दिलं होतं.

कारखान्याच्या नोंदींचं पत्रही मागवलं. स्मिथ अँड वेसनच्या हिस्टॉरिकल फाउंडेशनकडून असं पत्र मिळतं, कोल्टचाही असाच अभिलेख विभाग आहे. या पत्रांवर लोक नको इतकी आशा लावून बसतात. त्यात रिव्हॉल्व्हर कारखान्यातून कधी निघालं आणि पहिल्या मुक्कामी कुठं गेलं, एवढं असतं. क्रमांकांच्या क्रमानंच माल बाहेर पडला असंही नसतं. आमच्या पत्रात १९४२ चा उत्तरार्ध आणि अमेरिकी सैन्याचं एक कोठार, इतकंच निघालं. शिपायाचं नाव या नोंदींत कधीच नसतं. कुठल्या शिपायाला कुठल्या क्रमांकाचं रिव्हॉल्व्हर दिलं याच्या युनिटमधल्या नोंदी बहुतेक ठिकाणी युद्धानंतर कुणी जपल्याच नाहीत.

आजोबांचा गणवेशातला एक फोटो होता. कमरेला १९३७ च्या नमुन्याची कॅनव्हासची म्यान, झाकण बंद. त्यात ब्रिटिश बनावटीचं एनफील्ड असेल, वेब्ली असेल किंवा स्मिथ अँड वेसन. भिंगाखाली कितीही धरला तरी त्या फोटोतून यापलीकडे काही निघेना.

मुठीची लाकडं

व्यापाऱ्याचं एक म्हणणं खरं होतं. मूठ विजोड होती. व्हिक्टरीला गुळगुळीत लाकडं हवीत. इथं बारीक चौकटींची नक्षी कोरलेली लाकडं होती आणि वरच्या टोकाला कंपनीचं छोटं रुपेरी पदक. डाव्या लाकडावर, जिथं नक्षी झिजून सपाट झाली होती, तिथं चाकूच्या टोकानं कोरलेली आजोबांची आद्याक्षरं होती.

पुतणीनं स्वतः स्क्रू काढला. पातं खाचेत घट्ट बसेल असं घासून घेतलेलं. घरातल्या पेचकसानं जुन्या स्क्रूच्या खाचा फाटतात आणि जाणकार सगळ्यात आधी तेच बघतो. लाकूड नखानं उचकटायचं नसतं. स्क्रू थोडा सैल ठेवून त्याच्या माथ्यावर हलकेच टिचकी मारली की समोरचं लाकूड आपणहून सुटतं.

उजव्या लाकडाच्या आतल्या बाजूला क्रमांक होता. स्मिथ अँड वेसन तिथं रिव्हॉल्व्हरचा क्रमांक घालत असे, कारण प्रत्येक जोडी त्या त्या सांगाड्यावर घासून बसवलेली असे. बुडावर, सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि नळीच्या खाली एकच ‘व्ही’ क्रमांक होता. लाकडावरचा मात्र सहा आकडी, ‘व्ही’शिवाय, सात लाखांच्या घरातला.

म्हणजे लाकडं दुसऱ्या रिव्हॉल्व्हरची. आणि ते रिव्हॉल्व्हर जुन्या मालिकेतलं, १९४२ च्या आधीचं. ब्रिटनला त्या काळात गेलेल्या रिव्हॉल्व्हरांमागे एक मजेदार व्यवहार आहे. स्मिथ अँड वेसननं ब्रिटनसाठी ९ मिलिमीटरची एक हलकी रायफल बनवायला घेतली होती. ब्रिटिशांनी मोठी उचल दिली, रायफल चाचण्यांत टिकली नाही, उचल तर खर्च झालेली. ती फेड कंपनीनं रिव्हॉल्व्हरं देऊन केली. त्या सुरुवातीच्या मालाला अशीच नक्षीची, पदकाची लाकडं असत. युद्धाच्या रेट्यात ती पुढे गुळगुळीत झाली.

इथं कुणालाही मोह होईल, आणि आम्हा दोघांनाही झाला, की कोडं सुटलं म्हणून टाळी द्यावी. तोब्रुकला आजोबांकडे जुन्या मालिकेतलं रिव्हॉल्व्हर होतं. ते सैन्याला परत करताना त्यांनी लाकडं काढून ठेवली, बदल्यात दुसरी बसवली. पुढे मोडीतून विकत घेतलेल्या रिव्हॉल्व्हरवर ती जुनी लाकडं चढवली. ‘हे माझ्याबरोबर तोब्रुकला होतं’ म्हणताना त्यांचा हात मुठीवर होता. सगळं चपखल बसतं.

पण क्रमांक आहे उजव्या लाकडावर आणि आद्याक्षरं आहेत डाव्या. दोन्ही लाकडं एकाच जोडीची आहेत याला कागदाचा आधार नाही. दोन्हींची झीज सारखी आहे, रंग सारखा मुरलेला आहे, नक्षीच्या रेघा खालच्या कडेला एकाच उंचीवर संपतात. मला व्यक्तिशः ती जोडी वाटते. तरी सैन्याच्या दुरुस्तीखान्यात शेकडो रिव्हॉल्व्हरं एकदम सोडवून, साफ करून, हाताला येईल ते लाकूड बसवून परत जोडली जात, हेही खरं. आद्याक्षरं तोब्रुकच्या खंदकात कोरली की नंतर एखाद्या रविवारी घरात बसून, हेही लाकूड सांगत नाही. कोरीव रेघांच्या तळाशी बोटांचा मळ आणि तेल इतकं मुरलंय, की ती कालपरवाची नाहीत हे नक्की.

व्यापाऱ्याचा सल्ला मानून योग्य गुळगुळीत जोडी बसवली असती तर रिव्हॉल्व्हर पुस्तकातल्या चित्राशी जुळलं असतं आणि आजोबांशी असलेला त्याचा एकमेव दिसणारा धागा एखाद्या जुन्या सामानाच्या डब्यात गेला असता. बाजाराच्या नजरेत जो दोष, तोच इथं ठेवा होता. संग्रह कशासाठी करतो हे ज्याला ठाऊक नाही त्यानं दुरुस्तीला हात घालू नये, असं माझं मत या प्रकरणानं पक्कं झालं.

फैरी

याचं उत्तर सरळ ‘नाही’ असं निघालं, आणि कारण वयाचं नव्हतं.

चाचणीच्या ठशात पुंगळीची लांबी .७६७ इंच. मोजणीच्या साधनानं तपासलं तर सहाही घरं त्याहून बरीच खोल निघाली. कुणीतरी नंतर ती .३८ स्पेशल काडतूस मावावं म्हणून आतून वाढवली होती. .३८ स्पेशलची पुंगळी १.१५५ इंच लांब असते. युद्धानंतर मोडीत निघालेल्या या रिव्हॉल्व्हरांवर हा उद्योग सर्रास झाला, कारण .३८ स्पेशल सगळीकडे मिळत असे. नावं सारखी असली तरी मापं सारखी नाहीत. जुन्या काडतुसाची पुंगळी अधिक रुंद, सुमारे .३८६ इंच, स्पेशलची .३७९. घर खोल करता येतं, अरुंद करता येत नाही. त्यामुळे स्पेशलची पुंगळी मागच्या बाजूला मोकळी राहते आणि बार उडाला की फुगते, कधी चिरते. गोळीचंही तसंच: नळी .३६१ इंचाच्या गोळीसाठी, येणारी गोळी .३५८ ची. त्यात स्पेशलचा दाब जास्त, आणि हा बदल चाचणीनंतरचा, म्हणजे बर्मिंगहॅमच्या ठशांनी दिलेली हमीही रद्द.

काकांचं म्हणणं, “मग जुनंच काडतूस घालू की.” ते वाढवलेल्या घरात मावतं खरं. पण घर किती समकेंद्र कोरलंय, भिंत कुठं पातळ झालीय, हे शस्त्र-अभियंत्याच्या तपासणीशिवाय कोण सांगणार? आणि एवढी तपासणी करून मिळवायचं काय, तर सहा आवाज. जन्मशताब्दीला फैरी झाल्या, पण क्लबच्या मैदानावर, क्लबच्याच आधुनिक रिव्हॉल्व्हरमधून. काकांनी स्वतः दोन झाडल्या.

आणखी एक गोष्ट त्यांना मुद्दाम सांगितली, कारण ते रिव्हॉल्व्हर आयुष्यभर भरून ठेवत आले होते. या मॉडेलमधली घोडा अडवणारी जुनी पट्टी भरवशाची नव्हती. युद्धात एका अमेरिकी जहाजावर हातातून पडलेलं व्हिक्टरी उडून एक खलाशी ठार झाला. त्यानंतर १९४४ च्या अखेरीस कंपनीनं नवी सरकती पट्टी बसवली आणि अनुक्रमांकात ‘एस’ची भर घातली. आपल्या रिव्हॉल्व्हरवर नुसता ‘व्ही’ आहे, म्हणजे आत जुनी पट्टी. आतलं वाळलेलं तेल तिला अडकवूही शकतं. हे ऐकून काका बराच वेळ गप्प होते.

रंगरंगोटी नाही

काळंभोर करण्याची मागणी सगळ्यात लवकर निकालात निघाली. मुळात हे रिव्हॉल्व्हर कधी काळंभोर नव्हतंच. राखाडी फॉस्फेटवर चकचकीत ब्ल्यूइंग चढवायचं तर आधी पॉलिश करावं लागतं. पॉलिशनं कडा गोल होतात, ठसे पुसट होतात. वर सांगितलेली प्रत्येक गोष्ट आपल्याला ठशांनीच सांगितली.

केलं ते एवढंच: मऊ कापडानं आणि हलक्या तेलानं वरचा मळ काढला, दोन ठिकाणी धरलेला लाल गंज तेलात भिजवून लाकडी काडीनं उचलला, घट्ट बसलेली तपकिरी छटा तशीच ठेवली. आतली बाजूपट्टी उघडायची होती. ती पातं घालून उचकटली की कडा कायमची दुखावते. स्क्रू काढून सांगाड्यावर हत्याराच्या लाकडी मुठीनं ठोकत राहिलं की कंपनानं ती वर येते. आतलं राळेसारखं झालेलं तेल काढलं. शेवटी बाहेरून सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात, संग्रहालयं धातूच्या वस्तूंना देतात तसला. तेल धूळ धरतं आणि लाकडात मुरतं, मेण तसं करत नाही.

चामड्याची म्यान काकांच्या विशेष लोभाची होती. ती जपली, पण वेगळ्या खोक्यात. चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं त्यात राहतात, ओलही ते धरून ठेवतं. म्यानेत वर्षानुवर्षं ठेवलेल्या रिव्हॉल्व्हरवर म्यानेच्याच आकाराचा गंज धरलेला मी कितीदा पाहिलाय. कपाटातली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आत, पण फार खालीही नाही, नाहीतर मुठीचं लाकूड आक्रसतं. हात लावायचा तो हातमोज्यांनी. निदान नंतर पुसून तरी ठेवावं, घामाच्या मिठानं उमटलेलं बोट पोलादावर कायमचं राहू शकतं.

काय लिहून ठेवलं

या प्रकरणातला खरा वेळ इथं गेला. पुतणीनं प्रत्येक रिव्हॉल्व्हरसाठी एक वही ठेवलेली आहे. या वहीत तिनं पानाचे तीन भाग केले: रिव्हॉल्व्हर काय सांगतं, कागद काय सांगतात, माणसं काय सांगतात. एका भागातलं वाक्य दुसऱ्यात जाऊ द्यायचं नाही. ‘तोब्रुक’ हा शब्द फक्त तिसऱ्या भागात आला, तोही काकांच्या नावानं आणि त्यांच्या तोंडच्या शब्दांत. ‘हे’ या शब्दासकट. काकांचं म्हणणं तिनं ध्वनिमुद्रित केलं, लिहून काढलं, त्यांची सही घेतली आणि त्यावर साल घातलं. आपला अंदाज, म्हणजे लाकडं बदलल्याची ती गोष्ट, तिनं वेगळ्या पानावर ‘आम्हाला असं वाटतं’ या मथळ्याखाली लिहिला. सोबत विरुद्ध मुद्देही: उजवं-डावं लाकूड, दुरुस्तीखाना, आद्याक्षरांचं अनिश्चित साल.

मी तिला एकच भर सुचवली. लाकडं उतरवून आतल्या बाजूचे फोटो काढून ठेवावेत, म्हणजे क्रमांक पाहायला पुढच्या प्रत्येकाला स्क्रू फिरवावा लागणार नाही. बाहेर कुणाला फोटो दाखवायचे तर अनुक्रमांकाचे शेवटचे आकडे झाकावेत, ही संग्राहकांची सवय तिला होतीच.

काका वही वाचून खूश झाले नाहीत, हे नमूद करायला हवं. त्यांना पाटी हवी होती. ‘तोब्रुक, १९४१’ या दोन शब्दांवर त्यांचं बालपण उभं होतं आणि त्याजागी त्यांना ‘बहुधा’, ‘असावं’, ‘सिद्ध नाही’ असलं काहीतरी मिळालं. पुतणीनं तडजोड केली. कपाटात लाकडं उतरवून रिव्हॉल्व्हरच्या शेजारी वेगळी मांडली नाहीत, ती सांगाड्यावरच ठेवली. पण पाटी मुठीपाशी लावली. तिच्यावर आजोबांचं नाव, त्यांचं सैन्यातलं काम आणि त्यांचं ते एक वाक्य. साल नाही. मला हा मार्ग जरा पळवाटेचा वाटला होता आणि तसं मी म्हणालोही. नंतर विचार केला तेव्हा माझा आक्षेप टिकेना, कारण पाटीवरचं एकही अक्षर खोटं नाही.

पुढच्या वारसाचा प्रश्न अजून लोंबकळतोय. तिच्या मुलाला रिव्हॉल्व्हरमध्ये रस नाही, त्याला वही हवी आहे. भाच्याला रिव्हॉल्व्हर हवं आहे, पण तो ज्या देशात राहतो तिथं ते नेता येईल की नाही हे ठरायचंय. नेता आलंच तर कदाचित आतून निकामी करून, म्हणजे नळी आणि सिलिंडर कायमचे बंद करून, न्यावं लागेल आणि तो बदल परत फिरवता येत नाही. तिनं मृत्युपत्रात तूर्त एवढंच घातलंय, की चारही रिव्हॉल्व्हरं आणि चारही वह्या वेगळ्या करू नयेत, घेणाऱ्याकडे परवाना असावा, आणि कुणीच पुढे आलं नाही तर शस्त्रसंग्रह असलेल्या एखाद्या संग्रहालयाला विचारावं. संग्रहालयाला व्हिक्टरी मॉडेलची गरज असण्याची शक्यता कमीच, अशी रिव्हॉल्व्हरं लाखांनी आहेत. म्हणून तिनं त्या कलमात वहीचा उल्लेख रिव्हॉल्व्हरच्या आधी केला आहे.